दोन परीक्षांची सकाळ

"तू येऊ नकोस!" थोरली जाऊ दारातच वळून म्हणाली, आणि चपलेत घातलेला पाय धाकटीने हळूच मागे घेतला...

शिष्यवृत्ती परीक्षेची सकाळ! घरात नुसती धांदल उडाली होती. पाण्याची बाटली सापडावी तर प्रवेशपत्र गायब, आणि थोरलीचे यजमान जी गाडीची किल्ली घरभर शोधत होते ती त्यांच्याच मुठीत! या गोंधळात पाचवीतली बबडी तेवढी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होती.

"आई, काकूला येऊ दे ना..."

"नको म्हटलं ना! सराव परीक्षेत गुण घसरले ते तिच्या लाडांमुळेच!"

काकूने चपला पुन्हा कोपऱ्यात सरकवल्या. बबडी जन्मली आणि तिच्या आईने अंथरूण धरलं, तेव्हा त्या तान्ह्या जिवासाठी हिने प्राथमिक शाळेतली नोकरी सोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं, हिनेही कधी बोलून दाखवलं नव्हतं. जागरणं हिची, पहिलं अक्षर हिच्या मांडीवरचं, पाढे हिच्याच मागे स्वयंपाकघरात नाचत पाठ केलेले... आणि गुण घसरले त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत थोरली म्हणाली होती, "स्वतःचं मूल असतं तर असे खेळ करत शिकवलं असतंस?"

ते एक वाक्य काळीज चिरत गेलं होतं! दुसऱ्याच दिवशी बबडीला मोठ्या क्लासला घातलं, आणि रिकामी झालेली काकू एका शाळेत अर्ज टाकून आली. या वयात कोण बोलावतंय, असं वाटलं होतं. पण बोलावलं होतं! मुलाखत नेमकी आजच होती, आणि नवऱ्याखेरीज घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

सगळे गेल्यावर इस्त्रीचे कपडे घालून, प्रमाणपत्रं छातीशी धरून ती बसथांब्यावर आली, तोच फोन वाजला. थोरलीचा! तिला रडू आवरत नव्हतं.

"अगं, ही आत जातच नाहीये... फाटक धरून खाली बसलीय... यांचं ऐकेना, माझं ऐकेना... तू ये गं! धावत ये!"

समोरून बस येत होती. तिचीच बस. काकूने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून उलट दिशेच्या रिक्षाला हात केला!

फाटकापाशी पोचताच काकूने इस्त्रीबिस्त्रीचा विचार न करता धुळीत बसकण मारली. बबडीचे हात तिने आपल्या हातांत घेतले.

"मला काही येत नाही काकू! क्लासमधले सर घड्याळ घेऊन डोक्यावर उभे राहतात ना, मग मला आकडेच दिसत नाहीत..."

"इथे कुठे आहेत सर? बरं, अवघड प्रश्नाला आपण काय म्हणतो?"

"...रुसूबाई."

"ती भेटली की काय करायचं?"

"पुढे जायचं. बाकीच्यांशी खेळून घ्यायचं, मग तिची समजूत काढायची."

"आणि नाहीच बोलली तर?"

"तर बसू दे फुगून!" बबडी डोळे पुसता पुसता खुदकन हसली. तेवढ्यात घंटा झाली, आणि पोर अशी सुसाट आत पळाली की रखवालदारही बाजूला झाला!

थोरली बघतच राहिली. मग तिची नजर धुळीने माखलेल्या कपड्यांवर गेली, त्या प्रमाणपत्रांवर गेली.

"तू कुठे निघाली होतीस गं?"

"मुलाखत होती, ताई. शाळेत. राहू दे, आता झाली असेल."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या पोरीसाठी एकदा नोकरी सोडलीस... आणि मी तुला तसलं बोलल्यावर, आज पुन्हा?" दुसऱ्याच क्षणी तिने जावेचा हात खसकन ओढला. "ऊठ! रडायचं ते गाडीत रडू! अहो, गाडी काढा लवकर!"

त्या धापा टाकत जिना चढल्या तेव्हा मुख्याध्यापिका खोलीला कुलूप लावत होत्या.

"मुलाखती संपल्या. आणि उशिरा येणारी शिक्षिका आम्हाला कशी चालेल?"

धाकटी माघारी वळली, पण थोरली दारात ठाण मांडून उभी राहिली.

"बाई, हिला उशीर माझ्यामुळे झाला. माझी मुलगी परीक्षेला घाबरून फाटकात बसली होती. मी आई असून मला तिला उठवता आलं नाही, हिने उठवलं. मी हिला म्हटलं होतं, तुला स्वतःचं मूल नाही... चुकले मी! ते मूल माझ्याआधी हिचं आहे! नोकरी देऊ नका हवं तर, पण एकदा हिला वर्गात उभी करून बघा!"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. मुख्याध्यापिकांनी त्या दोघींकडे पाहिलं आणि कुलूप पुन्हा उघडलं.

बऱ्याच वेळाने काकू बाहेर आली. थोरलीने धावत जाऊन तिचे खांदे धरले.

"बोल ना गं! जीव जायची वेळ आलीय माझी!"

"सोमवारपासून या म्हणाल्या... पण ताई, बबडीचं दुपारचं कोण बघेल?"

"मी बघेन! इतकी वर्षं तू बघितलंस ना? आता सोमवारी तुझा डबासुद्धा मी करणार, आणि खारट झाला तरी निमूट खायचा!" थोरलीने तिला घट्ट मिठी मारली. "चल, चल! पेपर सुटायची वेळ झाली, आणि पोरगी आधी तुलाच शोधणार आहे!"

आणि दोघी जावा, शाळेच्या त्या जिन्यावरून, हातात हात घालून पोरींसारख्या धावत सुटल्या...