मागच्या दाराचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. तिच्यात मी काही वाढवलेलं नाही.

उलट इतकी वर्षं तिच्यातली एक गोष्ट लपवून ती सांगत आलो. आज तीच लिहितो आहे.

माझं नाव लहानू. राहणार रायपूर. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामावर इथं आले आणि इथलेच झाले. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं मला माझ्या नातीनं, रीनानं शिकवली, तेव्हा मी सत्तरीला आलो होतो. लोक विचारायचे, "आता काहून शिकून राहिले बाबा? कलेक्टर व्हायचं आहे का?"

मी हसायचो. खरं कारण असं, की ही गोष्ट मला तोंडानं सांगता येत नव्हती.

ती रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मे महिना, सन २००१. दुपारचे साडेबारा. राज्य नवीन होऊन सहा महिने झाले होते आणि रायपुरात जिकडे तिकडे लाल दिव्याच्या गाड्या धावत होत्या.

पण आमच्या गाडीसारखी एकही नव्हती.

चौबे कॉलनीतल्या माईंकडे मी तीस वर्षं ड्रायव्हर होतो. माई म्हणजे सत्यभामाबाई. त्यांच्या मालकांनी १९५२ साली नागपूरहून एक अमेरिकन गाडी आणली होती. प्लायमाउथ. फिकट हिरवी, लांबलचक, चार दारांची. गिअर स्टिअरिंगलाच. मागच्या सीटवर पांढरी सुती खोळ. मालक गेले, पण गाडी नवीच्या नवी राहिली. मी ती रोज पुसायचो. माई म्हणायच्या, "लहानू, एवढं शेवंताले जपलं असतं, तं ती तुले रोज पुरणपोळी खाऊ घालती."

शेवंता माझी बायको.

त्या गाडीचा एक नियम होता. मालकांनी पहिल्याच दिवशी घालून दिलेला. ड्रायव्हरनं मागे वळून पाहायचं नाही. आतला आरसा छताकडे वळवलेला. मागे घरच्या बायका बसतात, म्हणून. दार लागलं की निघायचं.

त्या गाडीचं दार जड होतं. आजच्या गाड्यांसारखं टिणकन लागत नसे.

धप्प.

तीस वर्षं मी त्या आवाजावर गाडी सोडली. आणि माईंची एक सवय होती. मी गाडी चालवताना काही बोललो, की त्या मागून म्हणायच्या, "हं." एवढंच. ऐकते आहे, पुढं बोल, असं ते "हं".

त्या दिवशी आम्ही भनपुरीच्या पुढं माईंच्या अमराईत गेलो होतो. राजधानी झाल्यापासून तिथल्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा. माईंचा मुलगा नीलेशभैया अमराई विकणार होता. माईंना झाडं एकदा शेवटची पाहायची होती. राखणदार आधीच काढून टाकलेला. आसपास चिटपाखरू नव्हतं. दूर रस्त्यावर ट्रक चालले होते, तेवढाच आवाज.

मी स्टिअरिंगवर बसून होतो. मागचं दार उघडलं. सीट दबली. पिकल्या आंब्याचा वास आला.

धप्प.

मी गाडी सोडली.

मला त्या दिवशी माईंशी बोलायचं होतं. माझा पोरगा संघर्ष घरी रिकामा बसला होता. माईंनी शब्द टाकला तर कुठंतरी लागला असता. आठ दिवस मी हिंमत गोळा करत होतो.

"माई," मी म्हणालो, "संघर्षचं काही पाहता येईल का?"

मागून काही नाही…

मी आणखी बोललो. पोराची हुशारी सांगितली. शेवंताचं दुखणं सांगितलं. भनपुरी गेली, रेल्वेचं फाटक गेलं. बोलून बोलून माझा घसा सुकला.

एकदाही "हं" आलं नाही…

मला समजायला पाहिजे होतं. पण मला राग आला. म्हटलं, तीस वर्षं यांची गाडी पुसली, आणि एक "हं" म्हणवत नाही? एकदा वाटलं, वळून पाहावं. नाही पाहिलं. नियमाचं नाव करून नाही पाहिलं. खरं तर मी रुसलो होतो.

घरी आलो. उतरून मागचं दार उघडलं.

सीटवर आंब्यांनी भरलेली टोपली होती.

माई नव्हत्या…

त्यांनी टोपली ठेवली होती, उन्हाची झळ लागू नये म्हणून दार लावलं होतं, आणि त्या परत झाडांकडे गेल्या होत्या. मी आंबे घरी आणले होते.

त्याच घडीला नीलेशभैया फाटकात आला.

"लहानू भैया, आई कुठं हाय?"

आता ते वाक्य लिहितो.

मी म्हणालो, "माईंनीच परत पाठवलं. म्हणाल्या, मले घडीभर एकटी राहू दे, तासाभरानं ये."

का म्हणालो? नोकरी जाईल म्हणून. पोराचं काम होणार नाही म्हणून. आणि लोक हसतील म्हणून, की गाडीत माणूस नाही, हेही याला कळलं नाही.

"हिचं आपलं भलतंच असते," नीलेशभैया म्हणाला आणि गाडीत बसला. "चला, मले पहिले मंत्रालयात सोडा. साहेब वाट पाहून राहिले. मग तिले घेऊन या."

तेव्हाही बोलता आलं असतं. मी गाडी सुरू केली.

अमराईत पोहोचेपर्यंत दोन तास झाले होते. माई तिथं नव्हत्या. शहात्तर वर्षांच्या त्या बाईनं डांबरी रस्त्यापर्यंत चालत येऊन अंग टाकलं होतं. ट्रकवाल्यांनी सावलीत निजवून पाणी पाजलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं.

दवाखान्यात त्या संध्याकाळपर्यंत होत्या. शुद्ध येत होती, जात होती. मी दाराशी उभा होतो.

त्या एकदाच स्पष्ट बोलल्या.

"लहानू उन्हात उभा असन. त्याले सावलीत बसवा."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

तेराव्यापर्यंत जो आला, त्याला नीलेशभैया सांगायचा, "आईनंच गाडी परत पाठवली." लोक माना हलवायचे. हट्टी बाई, म्हणायचे. नागपूरहून आलेली माईंची मुलगी क्षमाताई तर रडता रडता चिडायची. "एवढ्या उन्हात गाडी परत पाठवते का कोणी? आमचा विचार नाही केला तिनं!"

मी तिथंच पाण्याचे ग्लास वाटत होतो.

आणि माईंची सेवा केली म्हणून नीलेशभैयानं संघर्षला रायपूरजवळच्या उरला गावातल्या एका कारखान्यात लावून दिलं. मी हात जोडले.

त्यानंतर सुरू झालं…

जून महिना. मी रिकामी गाडी पेट्रोल भरायला काढत होतो. किल्ली फिरवली.

मागून आवाज आला.

धप्प.

उतरून पाहिलं. मागची दोन्ही दारं लागलेली. कोणी नाही.

मग रोजच. गाडी रिकामी असली की किल्ली फिरवायचो, आणि मागं दार लागायचं. कधी सीटची स्प्रिंग कुरकुरायची. भर पावसाळ्यात, बाजारात आंबा दिसत नव्हता तेव्हा, गाडीत पिकल्या आंब्याचा वास…

मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

एक मात्र केलं. मागं कोणी बसलं की मी विचारू लागलो, "बसले ना?" उत्तर आल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

नोव्हेंबरात नव्या राज्याला वर्ष झालं म्हणून राज्योत्सव होता. क्षमाताई चार दिवस माहेरी आल्या होत्या. परत जायच्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला सांगितलं. दुपारचे चार वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. मी ठरवलं, आज सांगायचं. आरसा वरच आहे, तोंड दिसणार नाही, सांगून टाकू.

मागचं दार उघडलं. लागलं. धप्प.

"बसल्या का ताई?"

"हं."

मी गाडी सोडली.

कॉलनीच्या बाहेर येताच मी सुरुवात केली. सगळं सांगितलं. टोपली. रुसवा. नीलेशभैयाला बोललो ते वाक्य. "तुमच्या आईनं गाडी परत नव्हती पाठवली, ताई. मी सोडून आलो त्यांना. हट्ट त्यांचा नव्हता."

"हं."

मी रडत होतो. रस्ता नीट दिसत नव्हता. म्हणालो, "पोराला कामावरून काढा. मले पोलिसांत द्या."

"हं."

मग माझ्या लक्षात आलं…

ते "हं" क्षमाताईंचं नव्हतं.

तीस वर्षं ऐकलेलं "हं" होतं ते.

मी गाडी बाजूला घेतली. त्या आरशाला मी तीस वर्षांत पहिल्यांदा हात लावला आणि तो खाली वळवला.

मागं ताईंची बॅग होती. एका बाजूला.

ताई नव्हत्या…

दुसऱ्या बाजूला पांढऱ्या खोळीत खड्डा पडलेला होता. माणूस बसल्यावर पडतो तसा. मी बघत असतानाच तो हळूहळू भरत वर आला.

आंब्याचा वास इतका दाटला की मी काच खाली केली.

गाडी कशी वळवली, आठवत नाही. चौबे कॉलनीत आलो, तर क्षमाताई फाटकात उभ्या. हातात आईचा फोटो. बॅग ठेवून तोच आणायला त्या आत गेल्या होत्या.

"काहून हो लहानूभाऊ! मले सोडूनच निंगाले? मी बोंबलून राहिली मागून!" त्या हसत होत्या.

मग त्यांचं हसू थांबलं.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. हातातल्या फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"भाऊ… त्या दिवशी आईलेही असंच तं नाही ना झालं?"

विचारलं त्यांनी. अगदी समोर. मायेनं विचारलं. फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नाही ताई. माईंनीच पाठवलं होतं."

एकाच तासात मी मेलेल्या माणसाजवळ खरं बोललो आणि जित्या माणसाजवळ पुन्हा खोटं.

पुढल्या महिन्यात मी काम सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं.

गाडी अजून आहे. नीलेशभैयाच्या शेडमध्ये, तशीच चकचकीत. लग्नात नवरदेवाला मिळते, आणि लोक तिच्यासोबत फोटो काढतात. कधी कधी मी पुसायला जातो. नीलेशभैया म्हणतो, "याले म्हणतात जुनी माणसं." मी खाली पाहतो.

परवा ही पानं इथपर्यंत लिहून झाली. उद्या रीना ती मोबाईलवर, गोष्टींच्या एका पानावर टाकणार आहे. क्षमाताई ते पान वाचतात, असं तिनं सांगितलं. म्हणून आधी मी ती घेऊन शेडमध्ये गेलो. दुपार होती. ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. आरसा छताकडे वळवला. आणि अक्षर अक्षर लावत, मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

मागून "हं" आलं नाही.

मी वाट पाहिली. बराच वेळ…

मग सीटची स्प्रिंग कुरकुरली. मागचं दार उघडलं.

धप्प.

माई उतरून गेल्या, की येऊन बसल्या? दाराच्या आवाजावरून ते कळत नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं.

पाहायला फक्त मान वळवायची होती.

मी नाही वळवली.