मागचा सिंह

सोमवारी सकाळी पावणेनऊला प्रणिताचा फोन आला.

"काका, सिंह गेला."

"कुठला सिंह?"

"सुचेताबाईंचा. चार तोंडांचा. खोलीला कुलूप तसंच आहे आणि आतला सिंह गेला."

विष्णूने चहाचा कप खाली ठेवला. प्रणिता कडावच्या शाळेची मुख्याध्यापिका. कधीकाळी सुचेताची विद्यार्थिनी. आणि सुचेता म्हणजे विष्णूची बायको. तिला जाऊन सहा महिने झाले होते.

"येतो," तो म्हणाला.

सोनुबाई भिंतीवरचा सुचेताचा फोटो पुसत होती. कडावहून रोज टेंपोने भिसेगावला यायची, सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा. धुणी, भांडी, स्वयंपाक. वर्षातून तीन महिने, ज्येष्ठापासून गणपतीपर्यंत, तिची सुट्टी असे. शेतीवर जात असेल असं विष्णूला वाटे. कधी विचारलं नव्हतं. फोटो पुसून तिने तो जरा खिडकीकडे वळवला.

"कुटं निघालात, भाऊ?"

"शाळेत. सिंह हरवलाय."

तिने फडकं पिळलं. कोपऱ्यात सुचेताचं शिलाई मशीन जुन्या साडीखाली झाकलेलं होतं. विष्णूचा हात चुकून तिकडे गेला.

"तुमी नका हात लावू. मी झटकते ते," सोनुबाई म्हणाली.

त्यालाही तिकडे बघवत नव्हतं. तो दाराशी आला. सहा महिन्यांत त्याने नीट न पाहिलेल्या खिळ्यावर शाळेतल्या त्या खोलीची दुसरी चावी होती. सुचेताची.

विष्णूची सगळी नोकरी रेल्वेत, घाटात गेली. शेवटची अकरा वर्षं ठाकुरवाडीच्या सिग्नल केबिनमध्ये. तिथली सवय अंगात मुरली होती. चावी टांगताना तिचा पितळी बिल्ला बाहेर, नंबर दिसेल असा.

आज बिल्ला भिंतीकडे होता.

घरात चावी अशी उलटी टांगणारं एकच माणूस होतं. त्यावरून तीस वर्षं भांडणं झाली होती.

त्याने चावी खिशात टाकली.

*

खोली शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला होती. सुचेता रिटायर झाल्यावर चार वर्षं इथे बसून प्लास्टरचे प्राणी करत होती. देशोदेशींच्या राजचिन्हांवरचे प्राणी. प्रत्येकाखाली तिच्या अक्षरात चिठ्ठी. मेक्सिकोचा साप धरलेला गरुड. ऑस्ट्रेलियाचे कांगारू आणि इमू: 'हे मागे चालत नाहीत असं म्हणतात, म्हणून निवडले.' ग्वाटेमालाचा क्वेट्झल पक्षी: 'पिंजऱ्यात जगत नाही असं म्हणतात.' ब्रिटनचा साखळीत बांधलेला एकशिंगी घोडा. भूतानचे ढगातले ड्रॅगन. फळीवर एकूण नऊ नमुने होते. नववा आपला, चार सिंहांचा.

नवव्याची जागा रिकामी होती. धुळीत गोल डाग.

"आधीचं का सांगितलं नाहीस?" विष्णू म्हणाला. कारण उरलेल्या आठही नमुन्यांना डोळे होते.

सुचेता गेली तेव्हा सगळे आंधळे होते. रंग झाला होता, डोळे राहिले होते.

"कसं सांगणार, काका?" प्रणिता हळू आवाजात म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालं. दर सोमवारी खिडकीतून आत पाहिलं की एकाला डोळे आलेले. आणि तो वळलेला असायचा. बाईंनी सगळे दाराकडे तोंड करून ठेवले होते. बघा आता."

आठही जण पूर्वेच्या खिडकीकडे बघत होते.

"तू कुणाला विचारलंस?"

"विचारून काय करू? तुम्हीच तेराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात, तिच्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही. आता मुलं घाबरतात. कमिटी म्हणते शुक्रवारी खोली रिकामी करा. पोलिसांत देऊ का?"

"आज थांब. हिरूला बोलाव."

हिरू शिपाई उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत ये."

"नाय सायेब. हितूनच इचारा."

"चाव्या किती?"

"दोन. येक म्याडमच्या कपाटात. दुसरी बाईंची. ती बाईंबरूबर गेली."

"ती माझ्या घरी आहे."

"त्येच म्हंतो ना मी," हिरू म्हणाला.

प्रणिताने त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"आयतवारी इथे कोण येतं?"

"पोरं किरकेट खेळतात. बाया नळावर पानी भरतात. पर हिकडं व्हरांड्यात? कोन येनार? मी तर संध्याकाळचा दिवाबी लावत नाय हिकडं."

"तुझ्या म्याडमच्या कपाटातली चावी?"

"तिला गंज चढलाय. बगा की."

विष्णूने पाहिली. खरंच चढला होता. मग स्वतःच्या खिशातली काढली. तिचे दाते चकचकीत होते. महिनोन्‌महिने खिळ्यावर असलेली चावी.

ती येते. कुणी माणूस सापडलं नाही, तर तीच येते. हे त्याने मोठ्याने म्हटलं नाही. पण आपण इथे चोर शोधायला आलेलो नाही, हे त्याला कळलं. चोर सापडू नये म्हणून आलो आहोत.

तरी जुनी सवय सुटेना. घाटात गाडी अडली की कारण शोधायचंच. आवडो न आवडो.

चित्रकलेचा मास्तर हरेश आला. तरुण, बोटांना रंग.

"ब्रश तुझ्याकडे, रंग तुझ्याकडे," विष्णू म्हणाला. "तू काढलेस डोळे?"

"काढले असते तर बोर्डावर नाव लिहिलं असतं, काका." तो गरुडाजवळ वाकला. "ही वरच्या पापणीची रेघ बघा. एका दमात ओढलीय. कुठं थांबली नाही. मला पेन्सिलने जमणार नाही. हजारो डोळे काढलेला हात आहे हा."

"सुचेताचा?"

हरेश म्हणाला, "खोटं नाही बोलत. बाईंचा हात कापायचा. म्हणून तर त्यांनी डोळे काढायचे राहू दिले होते."

विष्णूने चष्मा लावला आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. गरुडाच्या चोचीत साप होता, पंजे उगारलेले होते. पण डोळे लांबट होते, शांत, कोपऱ्यात किंचित लाली. ड्रॅगनचेही तसेच. कांगारूचेही. जगाला भिववायला निवडलेले प्राणी, आणि सगळे मायेने बघत होते.

असे डोळे त्याने दरवर्षी दहा दिवस घरात पाहिले होते.

तो फळीला धरून उभा राहिला.

"काका, बरं वाटत नाहीये का?" प्रणिताने विचारलं.

"मला घरी सोड," तो म्हणाला. "आणि तूही घरात ये."

*

सोनुबाई दुपारच्या फेरीला आली होती, भाकऱ्या थापत होती. विष्णूने तिला बाहेर बोलावलं. ती पिठाच्या हातांनीच आली.

"सोनुबाई, तीन महिने सुट्टी घेतेस तेव्हा कुठे असतेस?"

"कारखान्यात. गनपतीच्या."

"काय काम करतेस?"

ती खाली बघत म्हणाली, "आखनी. डोळ्यांची."

प्रणिता चटकन खुर्चीत बसली.

"सांगतो," विष्णू म्हणाला. "ते गणपतीचे डोळे आहेत. तो हात कारखान्यातलाच. डोळे आखायला उजेड समोरून लागतो, म्हणून प्रत्येक प्राणी खिडकीकडे वळवलेला. हा फोटोही सकाळी वळवलास. चावी माझ्या खिळ्यावरून शनिवारी जायची आणि सोमवारी परत यायची. बिल्ला उलटा लागला, कारण तुला ती सवय नाही. तू कडावची. आयतवारी हंडा घेऊन नळावर गेलेली बाई कुणाच्या लक्षात राहते? आणि तू चोरून केलंस, कारण मीच ओरडलो होतो, कुणी हात लावायचा नाही."

सोनुबाई रडत होती. आवाज न करता.

"बाईंनी जेठात सांगितलं व्हतं, भाऊ. 'सोनू, माझ्या जनावरांना डोळे दे.' हाताखाली तीनशे मूर्ती. मी म्हटलं, गनपती बसू द्या, मग देते. आखाडात बाई गेल्या." तिने पदराने तोंड पुसलं. "डोळ्याबिगर कारखान्यातून मूर्ती जात नाय. आनि ही नऊ तशीच बसलेली. मला झोप नाय यायची."

"मग सिंह का नेलास?" प्रणिताने विचारलं.

"नेला नाय. आनला."

विष्णू मशीनकडे गेला. जुनी साडी उचलली. मशीनवर सिंह होता. तीन तोंडांना डोळे आले होते. तीच नजर.

चौथं तोंड कोरं होतं.

"त्याचे नाय आखले," सोनुबाई म्हणाली. "बाई म्हनाल्या व्हत्या, मागचा ठेव, तो यांच्याकडून करून घेनार हाय. आज आनला खरा, पन तुमच्यापुढं ठेवायचा धीर नाय झाला."

विष्णूला ती संध्याकाळ आठवली. सुचेताने त्याच्यापुढे ब्रश धरला होता. तो पेपर वाचत होता. म्हणाला होता, नाण्यावर बघ, नोटेवर बघ, तीनच दिसतात. चौथा कुणाला दिसत नाही. कशाला त्याचे डोळे?

"दिसत नाही म्हणून आंधळा ठेवायचा का?" ती म्हणाली होती. "पाठ त्यानेच धरलीय ना?"

त्याने पान उलटलं होतं.

"मला वाटलं होतं, ती येते," तो आता म्हणाला.

"मलाबी वाटायचं, भाऊ. खोलीत बसलं की मागं हुबी हाय असं वाटायचं. नायतर येकटीला तितं धीर झाला असता का?"

स्वयंपाकघरात तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

सोनुबाईने पिशवीतून ब्रश आणि रंगाची डबी काढली. विष्णूने सिंह उचलून खिडकीशी ठेवला, कोरं तोंड उजेडाकडे. सोनुबाईकडून ब्रश घेतला, श्वास रोखला. उजवा डोळा झाला. डाव्याची रेघ मध्येच थांबली, मग वाकडी खाली गेली.

"पुसू का?" सोनुबाईने विचारलं. "वला हाय तवर निघंल."

विष्णू त्या डोळ्याकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला. "तिला बोलायला काहीतरी राहू दे."

मग त्याने खिशातली चावी काढली, खिळ्यावर टांगली. बिल्ला भिंतीकडे.