सात टक्के श्वास

नाशिकच्या भिंतपरीक्षण केंद्रात मालनकाकू आहेर पुन्हा पुन्हा पदराला हात पुसत होत्या. हात कोरडेच होते. शेजारच्या खुर्चीत त्यांचे घरमालक सुधाकर कोठावदे बसले होते. एकवीस वर्षांची ओळख, आणि आज एकमेकांविरुद्ध दावा!

घरहक्क अधिकारी बागवान नवे होते. "जरा समजावून सांगा," ते म्हणाले.

डॉ. रेणू पगारेंनी भिंतीचा तुकडा टेबलावर ठेवला. "ही श्वासवीट. राहणाऱ्यांच्या उच्छ्वासातला कार्बन खाऊन वाढते. प्रत्येकाच्या श्वासाची खूण वेगळी, ती विटेत कायमची राहते."

"म्हणजे घरात खरं कोण राहिलं, ते भिंतच सांगणार."

"म्हणून तर खरेदीखतं गेली. निम्म्याहून जास्त भिंत ज्याच्या श्वासाची, घर त्याचं."

या कायद्यानं भल्याभल्या मालकांची झोप उडवली होती. त्यांनी दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलायचा सपाटा लावला. कोठावद्यांना मात्र काकूंना 'निघा' म्हणणं कधी जमलं नाही. बायको गेल्यापासून ते रोज दुपारी काकूंकडेच जेवत. वांग्याच्या भरताला नावं ठेवत, आणि तेच दोनदा वाढून घेत. आता परदेशातल्या मुलानं घर विकायचा लकडा लावला, म्हणून ही वेळ आली.

पगारेंनी निकाल वाचला. "मालनबाई, शेहेचाळीस टक्के. आधीचे भाडेकरू, सत्तेचाळीस. सुधाकर कोठावदे, सात."

काकूंचा चेहरा उतरला. निम्मं भरलं नव्हतं, म्हणजे घर जुन्या मालकाकडेच राहणार. सत्तराव्या वर्षी आता बिऱ्हाड कुठं हलवायचं?

बागवान कायद्याची पानं उलटत म्हणाले, "थांबा. पाहुण्याचा श्वास यजमानाचा धरतात. मालक हक्कानं आला असेल, तर त्याचा श्वास बाद. कोठावदेसाहेब, तुम्ही त्या घरात काय म्हणून जात होतात?"

'मालक म्हणून' एवढंच म्हणायचं होतं. मुलानं तसं पढवूनही पाठवलं होतं.

"भाऊ, खरं ते सांगा," काकू हळूच म्हणाल्या. "माझ्यासाठी खोटं बोलू नका." घर जाणार याचं त्यांना दुःख होतंच; पण या माणसाची अशी कोंडी झालेली त्यांना बघवत नव्हती.

कोठावद्यांनी घसा खाकरला.

"जेवायला," ते म्हणाले.