अर्ध्यावर तोडलेलं सोनाचं गाणं

विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. पण करडीला जा आणि रत्नमालेच्या तोंडावर ‘हे खोटं आहे’ म्हणून दाखवा. मग मानतो तुम्हाला.

मागच्या वर्षीची गोष्ट. वैशाखातला रविवार, संध्याकाळचे साडेपाच. ऊन लख्ख. अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

रत्नमालेच्या रीताची पाठवणी निघाली होती. पोरगी साकोलीला दिलेली. पुढे चंदनचा डीजे, मागे फुलांनी मढवलेली गाडी. ड्रायव्हर पान खायला उतरलेला, नवरदेव अंकुशला मित्रांनी नाचायला ओढलेलं. गाडीत रीता एकटी.

चंदन माईकवर ओरडला, “काकू, तुमच्यासाठी सरप्राइज!”

धडाम... धडाम...

आणि त्या धडधडीतून रत्नमालेला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

‘घातला घाव... घातला घाव...’



धान रोवताना बाया गातात, ते सोनाचं गाणं. नवरा तिला तलावाच्या पारीवर, मातीच्या बांधावर, कुऱ्हाडीनं मारतो. मग सोना उठते, तोंड धुते, माहेरी जाते, माय दार उघडते. हे गाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. पाऊस झोडपू दे, बांधावर शिदोरी येऊ दे. सोना घरी पोचेपर्यंत बाया चिखलातून कंबर सरळ करत नाहीत. सोडलं तर ती पारीवर मारच खात राहते म्हणे.

गेल्या रोवणीत रत्नमाला ते गात असताना चंदननं बांधावर उभं राहून मोबाईलमध्ये भरलं होतं. त्यातली घावाची ओळ तेवढी ठेवली आणि तीच गरगर फिरवली.

पोरं खूश. धडाम झालं की सगळ्यांचे हात कुऱ्हाडीसारखे वर... आणि खाली. अंकुशचाही.

कट्.

गाडीत रीताच्या हातातली हिरवी बांगडी फुटली.

धडाम... दुसरी.

“आई वं! कोण मारून राहिलं मले?”

गाडीत दुसरं कुणीच नव्हतं.

“बंद कर रे चंदन!”

“काहून काकू? फेमस झाल्या न तुम्ही!”

रत्नमालेनं पायातली चप्पल हातात घेतली. चंदननं मुकाट्यानं जनरेटर बंद केला.

जनरेटर थांबला.

गाणं नाही थांबलं...

त्यानं पेनड्राईव्ह उपटून मुठीत घेतला.

तरीही... ‘घातला घाव.’

पोरं केव्हाच थांबली होती. एकट्या अंकुशचा हात पुन्हा वर गेला.

“मी नाही उचलून राहिलो!” तो रडकुंडीला आला. “हात आपोआप जाऊन राहिला!”

हात खाली आला. रीताच्या कपाळावर लाल वळ उठला.

माणसं मागे सरकली. रत्नमालेनं पदर खोचला आणि स्पीकरसमोर जाऊन उभी राहिली.

“माहाच आवाज माह्याच पोरीले मारन? पाहतोच मी!”

आणि तिनं गाणं उचललं.

‘उठली सोना, उठली वं बाई, तोंड धुतलं तलावात...’

स्पीकर चढला. तीही चढली. एकेक बाई येऊन तिच्यामागे उभी राहिली, ओळ झेलू लागली. भर रस्त्यात, कोरड्या डांबरावर, रोवणीसारखी रांग लागली.

‘आली दारी...’

आता शेवटचीच ओळ उरली होती, माय दार उघडते ती. ती घ्यायला रत्नमालेनं श्वास भरला...

स्पीकर गप्प.

गाडीचं दार उघडलं.

रीता उतरली. हातात एकच बांगडी उरलेली. ती सरळ अंकुशसमोर जाऊन उभी राहिली. अंकुशचा हात अजून वरच होता.

“हात खाली.”

आवाज रीताचा नव्हता. रत्नमालेचाही नव्हता.

हात धपकन पडला.

तो अजून खांद्याच्या वर जात नाही. साकोलीच्या डॉक्टरनं फोटो काढले, हाड शाबूत. संसार बाकी झकास. सरपण रीताच फोडते.

परवा साकोलीला तिच्या घरी गेलो होतो मी. अंगणात ती लाकडं फोडत होती. म्हटलं, “पोरी, त्या दिवशी बोललं कोण?”

तिनं कुऱ्हाड टेकवली. हसली.

“तुम्हाले काय वाटते, मामाजी?”

चहा चुलीवर होता... मी न पिताच निघालो.