बस म्हणेपर्यंत

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पेट्रोलच्या डब्यात होते. तिच्याच व्हॅनचा कार्बोरेटर खोलून धूत होतो. ती साध्या तपासणीला दवाखान्यात गेली होती, संध्याकाळी घरी यायची होती. लेकीने फोन माझ्या कानाला धरला. ऐकून झाल्यावर मी उरलेले भाग धुतले आणि फडक्यावर मांडून ठेवले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

कार्बोरेटर तडकलेला निघाला. व्हॅन उभी ठेवायला तेवढं निमित्त पुरलं.

पुढे लेकीला डोंगरातल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. "आईची गाडी नेणार," ती म्हणाली.

"दुसरी बघू की."

"बघायचीच असती तर बोलले असते का?"

सोमवारी निघायचं होतं. तोवर चालू झाली नाही तर व्हॅन भंगारात, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी बोललो आणि तिने मान फिरवली.

तसाच कार्बोरेटर कुठे मिळेना. चढाचा रस्ता म्हणून मी मोठ्या घशाचा, जास्त पेट्रोल सोडणारा आणून बसवला. पेडल दाबलं की इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं. प्लग काजळीने माखलेले. शेजारचा वेल्डर डोकावून गेला. "मिस्त्री, व्हॅन आहे ती, विमान नव्हे!"

बायको हेच सांगायची. इंजिनाची भूक बघून वाढावं, आपली हौस बघून नाही.

मोठा काढला, लहान घशाचा बसवला. इंजिनाने दम धरला.

राहिला हवेचा स्क्रू, पेट्रोलमध्ये हवा किती मिसळायची ते ठरवणारा. हे काम आम्ही दोघं करायचो. मी पुढे स्क्रू फिरवायचो, ती मागे सायलेन्सरसमोर तळवा धरून उभी राहायची. धुराचे धक्के एकसारखे लागले की म्हणायची, "बस." मग तो काजळीचा हात माझ्या पाठीला पुसायची. त्यावरून आमचं भांडण ठरलेलं.

रविवारी सकाळी एकट्यानेच करायला घेतलं. हवा गार होती, धूर पांढरा दिसत होता. मागे जाऊन पाहिलं, तर तो सरळ येत नव्हता. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर फाटत होता आणि दोन बाजूंनी निघून जात होता. वारा असेल म्हणून आडोशाला पत्रा उभा केला.

धूर तसाच फाटत राहिला.

पुढे आलो. बॉनेटखाली वाकलो आणि स्क्रू थोडा सोडला. इंजिनाचा आवाज चढला. आणखी थोडा सोडला.

"बस."

सवयीने हात थांबला. इंजिन एका सुरात चालू होतं.

वळून पाहिलं. लेक स्टुलावर बसली होती, दोन्ही हातांत चहाचे कप.

"कान आईचा आहे तुझा," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"बरोबर वेळेला बस म्हणालीस."

"मी कुठे? तुम्हीच म्हणालात, बस. म्हणून तर बसले."

दोघं मागे गेलो. धूर आता सरळ येत होता.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "चढ चढेल ना, बाबा?"

"चढेल."

चहा प्यायला आत निघालो तेव्हा ती मागून म्हणाली, "सकाळीच धुतलेला शर्ट घातलात, आणि लगेच पाठ काळी?"

सोमवारी दुपारी तिचा वरून फोन आला. "पोचले. एकदासुद्धा खोकली नाही!" मागे कुणीतरी बाई गाडीचं कौतुक करत होती. मी हसलो, आणि माझाच आवाज मला नवा वाटला. फोन ठेवला आणि साठलेले कपडे धुवायला काढले. पडदेही धुतले.

तो शर्ट तेवढा धुवायचा राहिला आहे.