वडावरून चिंचेवर

"यावरून माकड जाईल का हो?"

खालून प्रश्न आला तेव्हा रश्मी जमिनीपासून बारा फूट वर, दोराच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली, तोंडात सुतळीचं टोक, केसांत तागाचा भुगा. शिडीवर तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे माकड कोण, हे वेगळं सांगायला नको होतं.

तिने तोंडातली सुतळी काढली. "माकड कधीच वर पोचलंय. त्याला ऐकूही येतं. पुढं बोला."

खाली उभा असलेला तरुण चांगलाच गोरामोरा झाला. खांद्यावर सॅक, तिचा एक पट्टा तुटून लोंबतोय, चष्म्यावर श्रावणाची भुरभुर. "अहो, तसं नाही… म्हणजे खरंखुरं माकड. शेपूट असलेलं…"

"मग माझी अडचण आहे," ती सरसर खाली उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "शेपटीचं तेवढं जमलं नाही अजून."

तो हसला. हसताना त्याचे आधी डोळे मिटायचे आणि मग ओठ उघडायचे, हे रश्मीने टिपलं. उगाच टिपलं, असं तिने स्वतःला लगेच बजावलंही.

आला होता तो पट्टा शिवून घ्यायला. भिंगारच्या बाजारात कुणीतरी बोट दाखवलं होतं, "त्या सहादूच्या शेडमध्ये जा, जाड शिलाई तिथंच होते." रश्मीच्या वडिलांनी, सहादूंनी, बत्तीस वर्षं लष्कराच्या डेपोत तंबू आणि जाळ्या दुरुस्त केल्या होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी ही शेड टाकली. लष्कराच्या जाळ्या, ट्रकच्या जाळ्या, क्रिकेटच्या जाळ्या, दोराच्या शिड्या… आता नजर वडिलांची आणि हात रश्मीचे, असा कारभार होता.

सहादू आतून आले. पाहुण्याने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं आणि हात जोडले. "जय भीम, काका. मी सम्राट. जामखेडच्या अलीकडं गाव आहे माझं."

"जय भीम, जय भीम. बसा. माकडाचं काय म्हनत हुता?"

मग पट्टा राहिला बाजूला. सम्राटने मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला. काळंभोर अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा, आणि डोळे असे, की जणू कुणीतरी जुनी गोष्ट सांगतं आहे.

"सिंहपुच्छ माकड," तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला. "पार दक्षिणेकडच्या घाटात राहतात. सगळ्या जगात दुसरीकडं कुठं नाहीत. उरलीत जेमतेम काही हजार. मी ज्या टोळीमागं फिरतो ना, त्यात तेवीस आहेत… होती. मळ्यांमधून रस्ता रुंद केला, वरच्या फांद्या तुटल्या. ही जात झाडावरून खाली फारशी उतरत नाही. आता उतरावं लागतं. गेल्या वर्षात तीन गाडीखाली गेली."

रश्मीने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"मग वरून पूल बांधा की," रश्मी म्हणाली.

"बांधला होता. प्लॅस्टिकच्या पायपांचा. त्याच्यावर एकही पाय ठेवला नाही त्यांनी. आता बंगळुरूची एक संस्था पाच पुलांचा निधी द्यायला तयार आहे, पण अट घातलीय. नमुन्याच्या पुलावरून कुठलं तरी माकड, वानर, काहीही, आपल्या मनानं जाताना दिसलं पाहिजे. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत व्हिडिओ पाठवायचा. नाहीतर निधी दुसरीकडं. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावी आलोय, आणि आमच्या गावातली वानरं रोज संध्याकाळी रस्ता ओलांडतात, वडाकडून चिंचेकडं. म्हटलं, इथंच…" तो थांबला. "ही शिडी लांबलचक केली तर?"

"शिडी न्हाई," सहादू म्हणाले. "जाळी. चाळीस फुटी. रश्मी इनंल."

रश्मीने विणायला घेतली. आणि सम्राट पट्टा शिवून झालेली सॅक घेऊन रोज येऊ लागला. पहिल्या दिवशी मोजमाप सांगायला, दुसऱ्या दिवशी तेच मोजमाप पुन्हा सांगायला.

"काल सांगितलंत की," रश्मी म्हणाली.

"हो, पण काल तुम्ही ऐकत नव्हता… माझ्याकडं बघत होता."

"तुमच्या चष्म्याकडं. एक काडी वाकडी आहे."

"मग सरळ करा."

तिने केली. दोन बोटांत धरून, जरुरीपेक्षा थोडा जास्तच वेळ लावून. सहादू तेवढा वेळ पत्र्यावरचा पाऊस निरखत बसले. बापाची नजर मंद झाली होती, अगदीच गेली नव्हती.

आठव्या दिवशी जाळी तयार झाली. आणि मग आली पंचाईत. या शेडचा एक रिवाज होता, सहादूंनी डेपोतून आणलेला. चढायचा माल जो ताब्यात घेईल, त्याने आधी स्वतः तो चढून बघायचा. तुळईला जाळी टांगली. रश्मीने हात केला, "चढा."

सम्राट दोन पायऱ्या चढला आणि तिथेच थिजला. हाताची बोटं पांढरी पडली.

"काय झालं?"

"मला… उंचीची भीती वाटते."

"झाडावरच्या माकडांच्या मागं फिरता ना तुम्ही?"

"खालून," तो कसाबसा म्हणाला. "दुर्बिणीतून."

रश्मीला हसू आवरेना. हसता हसता तिने त्याचा हात धरून त्याला खाली उतरवलं, आणि तो हात कोणी आधी सोडायचा याचा निर्णय काही लवकर झाला नाही. शेवटी सहादू खाकरले. "माल न्या. पन चढनं बाकी हाय तुमचं. ध्यानात ठिवा."

टेम्पोत जाळी टाकून रश्मीही जामखेडच्या वाटेला लागली, कारण गाठी दुसऱ्या कुणाला मारू देणं तिला मान्य नव्हतं. रस्त्याच्या एका बाजूला वड, दुसऱ्या बाजूला चिंच. वडावर ती चढली, चिंचेवर गावातला एक गडी. पूल ताणून बसला. खाली सम्राटची आई, कलाबाई, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिने रश्मीला घरात घेतलं, बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, आणि जेवताना इतकं निरखून पाहिलं की रश्मीला तिखट लागलं.

रश्मी राहिली ती या घरातच. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वानरांची टोळी आली. वडावर बसली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं… आणि खाली उतरून नेहमीसारखी रस्त्यावरून पळत पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी एक पिल्लू आईच्या पोटावरून निसटलं आणि समोरून येणाऱ्या एका टेम्पोचा करकचून ब्रेक लागला. पिल्लू वाचलं. सम्राट मात्र रस्त्याच्या कडेला मटकन बसला. त्याच्या चेहऱ्यावरून रश्मीला कळलं, की याने असा आवाज आधी ऐकलेला आहे, आणि तेव्हा पिल्लू वाचलेलं नव्हतं. पूल तिच्या हातचा होता. तो फसला तर तिकडची ती वीस माकडं पुन्हा रस्त्यावर उतरणार होती, आणि हा मुलगा रिकाम्या हाताने परत जाणार होता.

रविवार उजाडला. शेवटचा दिवस. दुपारी तीनच्या सुमाराला कलाबाई चहा घेऊन रस्त्यापर्यंत आली, कपाळावर हात धरून वर बघत राहिली.

"माझ्यासमोर बांधला न्हवं पूल, मग गेला कुठं? चार दिस झालं बघतीया, मला तर काय दिसंना."

"काकू, हा काय…" रश्मीने बोट वर केलं. आणि तिलाही तो पटकन सापडला नाही.

तिच्या हातातला कप तसाच राहिला. लष्करासाठी जाळी विणताना तिच्यात हिरव्या-खाकी चिंध्या गुंफायच्या, वरून विमानाला काही दिसता कामा नये. 'आपला माल दिसला तर आपन हारलो,' हे पप्पांचं वाक्य ऐकतच ती मोठी झाली होती. हातांना सवय. हात विणत गेले, चिंध्या गुंफत गेले, आणि डोकं त्या वेळी सम्राटच्या चष्म्यात होतं. तिने माकडांसाठी पूल केला होता, आणि माकडांपासूनच लपवला होता.

"सम्राट, ऊठ," ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे दोघांनाही कळलं नाही. "खाली घ्यायचा पूल. सगळ्या चिंध्या काढायच्या. उघडा, पिवळाधमक दोर दिसला पाहिजे."

"चिंचेवर चढणारा गडी कर्जतला पाहुण्यांकडं गेलाय."

"मग चिंचेवर तू."

त्याने आधी चिंचेकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा नाकावर नीट बसवला.

तो कसा चढला हे त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही. रश्मी वडावरून ओरडत होती, "खाली नको बघू, माझ्याकडं बघ," आणि तो बघत होता, खोडाला घट्ट मिठी मारून. खालून जामखेडची एसटी गेली, खिडक्यांतून माना बाहेर आल्या. दोन्हीकडून गाठी सुटल्या, जाळी खाली आली. कलाबाईने शेजारच्या चार बायका गोळा केल्या आणि कडुनिंबाखाली बसून तासाभरात चिंध्यांचा ढीग घातला. दोघांनी जाळी पुन्हा वर ओढून बांधली. उन्हात दोर लखलखला. आता तो आंधळ्यालाही दिसला असता.

रश्मी खाली उतरली. सम्राट काही उतरेना.

"ये की."

"उतरता येत नाही… चढताना तुझ्याकडं बघत होतो. उतरताना खाली बघावं लागतं."

ती काही बोलणार, तेवढ्यात वडाची पानं हलली. टोळी आली होती. रश्मी कलाबाईचा हात धरून कुंपणाआड बसली. तिचा मोबाईल घरात चार्जिंगला. मोबाईल होता तो फक्त सम्राटच्या खिशात, आणि सम्राटचे दोन्ही हात फांदीला. व्हिडिओ काढायचा तर एक हात सोडायला हवा होता.

म्होरकी वानरी पुलाच्या टोकाशी आली. पोटाला तेच पिल्लू. तिने दोराला हात लावला, तो हुंगला, ओढून पाहिला. वानरीने एक पाय टाकला… दुसरा टाकला…

वर, चिंचेवर, सम्राटने एक हात सोडला.

वानरी मधोमध आली. पूल झुलला, ती थांबली, पिल्लाने मान वळवून खालचा रस्ता पाहिला. मग ती निघाली ती सरळ सम्राटच्या शेजारच्या फांदीवर. मागोमाग दुसरी, तिसरी, साताठ जणांची रांग. सम्राटचे ओठ हलताना रश्मीला दिसले, काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. कलाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रश्मीच्याही. गावात रेंजची बोंब, पण चिंचेवर चांगली चार काड्या रेंज होती. सम्राटने व्हिडिओ तिथूनच पाठवून दिला आणि शेजारचे दोघं शिडी घेऊन आल्यावर डोळे मिटून खाली उतरला.

खाली आल्यावर मात्र गडी मुका. रश्मीला टेम्पोत बसवताना म्हणाला, "मला… म्हणजे… जपून जा."

"एवढंच?"

"हो… नाही… हो."

गुरुवारी तो भिंगारला आला. शेडमध्ये शिरला तेव्हा चेहरा उजळला होता, पण कान लाल होते. निधी मंजूर झाला होता. पाचही पूल. आणि ते विणायचे याच शेडने, बांधायलाही इथलाच माणूस हवा, असं संस्थेने लिहिलं होतं. सहादू खुर्चीतून उठले, त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले आणि मग चहा सांगायला बाहेर पडले.

रश्मीने मोबाईल घेऊन पत्र पुन्हा वाचलं. शेवटी एक ओळ होती. व्हिडिओत अखेरीस माणसाचा आवाज आहे, आमच्यात कुणाला मराठी येत नाही. पुलाबद्दल काही महत्त्वाची सूचना असल्यास भाषांतर करून पाठवावी.

"कसली सूचना?"

"काही नाही… दे तो मोबाईल."

ती दोन उड्यांत तागाच्या गठ्ठ्यांपलीकडे गेली आणि तिने आवाज पूर्ण वाढवला. पानांची सळसळ. थरथरता श्वास. मग अगदी हळू, मोबाईलच्या जवळून: "रश्मी… आली गं. पोराला घेऊन आली… मला आता तुझ्याशिवाय जायचं नाही. चल ना माझ्याबरोबर. कायमची…"

व्हिडिओ संपला. रश्मीने तो पुन्हा लावला नाही, तिला एकदाच पुरला.

"हे मला तोंडावर सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"जमिनीवर उभं राहून धीर होत नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "वर सुचलं होतं."

रश्मीने तुळईकडे पाहिलं. दोराची शिडी टांगलेलीच होती.

"चढणं बाकी आहे तुमचं."

सम्राट चढला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण या वेळी तो दुसऱ्या पायरीवर थांबला नाही. शेवटच्या पायरीवर पोचला, दोर घट्ट धरला, आणि सगळं पुन्हा म्हणाला. पहिल्या शब्दापासून 'कायमची'पर्यंत, एकही शब्द न गाळता.

"येते," रश्मी खालून म्हणाली.

"काय?"

"येते म्हटलं. पाच पूल बांधायला, आणि पुढंही. पण चिंध्या काढायला तुझी आई पाहिजे बरोबर."

वर तो आधी डोळे मिटून आणि मग ओठ उघडून हसला. हसताना एक हात सुटला, आणि त्या हाताने त्याने दोर पुन्हा धरला नाही. दारात सहादू चहाचे तीन कप घेऊन उभे होते.

"जावई, उतरा आता," ते म्हणाले. "चहा निवतोय."