मुळावरची एक मादी

ज्वालामुखीच्या बेटावर, हिलो शहरातल्या प्रयोगशाळेत जनुकं वाचणारी केहाऊ त्या दिवशी पुना भागातल्या जंगलाखालच्या गुहेत शिरली ती एका तुडतुड्यासाठी! नखाएवढा, पांढरा, बिनडोळ्यांचा. लाव्हाच्या बोगद्यात लोंबणाऱ्या ओहिया झाडांच्या मुळांचा रस पिऊन तो जगतो. त्या पाणचट रसात कस नसतो; तो त्याच्या पोटातले जीवाणू तयार करून देतात. ही भागीदारी इतकी जुनी, की जीवाणूंनी आपली बहुतेक जनुकं केव्हाच टाकून दिलीत. पोटाबाहेर त्यांना जगणं नाही. आता बुरशीने ओहिया वाळत होते. झाड गेलं की मूळ जाणार, मुळामागे तुडतुडा आणि त्याच्यामागे जीवाणू. त्याआधी ती जनुकं वाचायची, तर तुडतुडा जिवंत पकडून तिथल्या तिथे गोठवायला हवा. म्हणून तिचा सहकारी डेस्मंड पाठीवर द्रव नायट्रोजनची बाटली वाहत होता.

वाटाड्या अंकल लोपाकांनी गुहेच्या तोंडाशी उभं राहून, जुन्या रीतीने, खड्या आवाजात आत यायची परवानगी मागितली.

"काय म्हणाली गुहा?" डेस्मंडने मुसुबीच्या भातवडीचा शेवटचा घास कोंबत विचारलं.

"म्हणाली, जाड्याला बाहेरच ठेवा."

केहाऊ हसली नाही. अरुंद जागेची तिला भीती वाटायची आणि हे तिने दोघांनाही सांगितलं नव्हतं. सरपटत जाताना पोटाखाली खडक, पाठीवर खडक! श्वास घेतला की छाती दगडाला टेकत होती. ती मनातल्या मनात तुडतुड्याचंच नाव घेत पुढे सरकत राहिली.

पलीकडे दालन होतं, दमट आणि निश्चल. बरीचशी मुळं वाळून काडी झाली होती. डावीकडच्या भिंतीवर मात्र ओल्या मुळांना पिल्लांनी सोडलेलं मेण कापसासारखं चिकटलं होतं, आणि त्यात एकच तुडतुडा! शेपटीला मेणाचा झुपका, म्हणजे मादी. केहाऊने ब्रशने तिला अलगद काचेच्या कुपीत घेतलं.

आणि जमीन हलली.

दगड कोसळले! धूळ उडाली! बाटली डेस्मंडच्या पाठीवरून निसटून खाली फुटली. दिवा पुन्हा नीट धरला तेव्हा केहाऊला दिसलं, की आलेली वाट बुजली होती.

"ज्वालामुखीतल्या पेले आजीने कूस बदलली," अंकल पुटपुटले.

जमिनीवर पांढरं धुकं पसरत होतं. नायट्रोजन! तो प्राणवायू हुसकावतो, पण त्याला वास नाही, ठसका नाही; माणूस हसत हसत झोपतो आणि उठत नाही. डेस्मंड वाकून आपला दिवा चाचपत होता.

"डेस, ऊठ! वाकू नकोस!"

"झोप येतेय गं..."

दोघांनी त्याला बखोटीला धरून उंच कट्ट्यावर ओढलं. तिथे तो धापा टाकत शुद्धीवर आला.

"अंकल, परवानगी घेतली होती ना तुम्ही?" त्याने विचारलं.

"आत यायची घेतली होती. काही न्यायची नाही."

धुकं वर चढत होतं. केहाऊने दिवा भिंतीवर फिरवला. डावीकडे मूळ आणि मेण. उजवीकडेही मुळं ओली, टवटवीत; पण मेण नाही! जिवंत मुळावर तुडतुडे का नसावेत?

"वारा!" ती ओरडली. "इथे बाहेरच्या फटीतून कोरडा वारा लागतो, म्हणून ते राहत नाहीत! अंकल, इकडून फोडा!"

अंकलनी बरोबर आणलेली छोटी पहार भिंतीत घातली. एक दगड निघाला, दुसरा निघाला आणि उजेड आत आला. डेस्मंड आधी वर गेला, मग अंकल.

"चल, पोरी!"

केहाऊने कुपीकडे पाहिलं. बाटली फुटली होती. बाहेरच्या कोरड्या हवेत ही मादी हिलोपर्यंत टिकणार नव्हती आणि मेलेली काही सांगणार नव्हती. जीवाणू पुढच्या पिढीत जातात ते आईच्याच अंड्यांतून. ही इथे जगली, तरच ते जगणार.

"आले," म्हणून ती मागे वळली.

"वेडी झालीस का!"

श्वास रोखून ती कट्ट्यावरून डाव्या भिंतीकडे गेली. धुकं गुडघ्याला लागत होतं. कुपी मुळाला टेकवली. मादी हलेना! डोळ्यांपुढे काजवे चमकले. "जा ना गं बाई!" हे ओठांवरच राहिलं, बोलायला श्वास नव्हता. अखेर मादीने एक पाय मुळावर ठेवला, मग दुसरा.

पुढचं तिला धड आठवत नाही. अंकलचा हात, दगडाचं खरचटणं आणि डोळ्यांत ऊन.

"आता हे भोक बुजवायचं," उठून बसताच ती म्हणाली.

"आत्ताच तर त्यातून बाहेर आलो!" डेस्मंड किंचाळला.

"वारा आत गेला तर ती मरेल."

दगड, नेचे, माती, वर तिचं नवं जॅकेट. सगळं ठासून भरल्यावर तिने खिशातलं ध्वनियंत्र ओहियाच्या मुळाला चिकटवलं. नर-मादी तुडतुडे मूळ थरथरवून एकमेकांना हाक मारतात, ती त्यात ऐकू येते. केहाऊने त्याचा इअरफोन कानाला लावला. काही नाही. बराच वेळ काहीच नाही. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

टक्. टक्-टक्.

तिने भरल्या डोळ्यांनी तो अंकलच्या कानाला लावला.

"काय म्हणतेय?" डेस्मंडने विचारलं.

"म्हणतेय, जाड्याला परत आणू न..." अंकल मध्येच थांबले. हात वर करून त्यांनी दोघांना गप्प केलं.

"पोरी, आत एकच होती ना? हिला कुणीतरी उत्तर देतंय."